अक्रोडाच्या टेबलाबाबत माझं म्हणणं

ती. सुमित्रामावशीस,

डब्लिनहून (ओहायोतलं; आयर्लंडमधलं नव्हे, भिशीतल्या बायकांना एकदा सांगून टाक) स्वानंदीचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? पट्टा लावतेस की कपाटात ठेवलास? पत्र लिहायचं कारण एवढंच, की फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

नोकरी गेली की माणसं अर्ज करतात, सुतारकाम करत नाहीत, असं रविवारी म्हणालीस आणि फोन ठेवलास. मावशी, मी एकशे बारा अर्ज केले. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. उरलेल्यांचा नकार इतक्या लगेच आला की अर्ज माणसाने वाचलाच नसणार. त्यानंतर मी अक्रोडाची फळी आणली. आठ फूट लांब, कड झाडाची होती तशीच ठेवलेली. याला इथे लाइव्ह एज म्हणतात. तू अर्धवट काम म्हणालीस. म्हण. कड वाकडी आहे कारण झाड वाकडं होतं, आणि मला ती सरळ करायची नाही.

फळी गॅरेजमध्ये आली, तशी देवांगची गाडी बाहेर बर्फात गेली. नवरा काही बोलला नाही (ही त्याची बोलायची पद्धत आहे). पटाशीने साल काढण्यात चार दिवस गेले. मग रंधा मशीनने फळी सपाट करताना इतका भुसा उडाला की लेकीच्या डब्यापर्यंत पोचला. "मॉम, माय सँडविच टेस्ट्स लाइक अ ट्री," अनिका म्हणाली आणि तरी खाल्लं. मग मधली भेग. तिच्यात इपॉक्सी, म्हणजे वाळल्यावर दगड होणारा पातळ चीक, ओततात. त्याआधी खालून टेप लावायची, हे व्हिडिओत पहिल्याच मिनिटाला सांगितलं होतं. मी तो दुसऱ्या मिनिटापासून पाहिला. चीक खाली झिरपला आणि फळी खालच्या लाकडी स्टँडला चिकटली. स्टँड करवतीने कापावा लागला. त्याचा वीतभर तुकडा अजून टेबलाखाली आहे. तो आधारासाठी आहे असं मी सर्वांना सांगते, तूही तसंच सांग.

शनिवारी त्यावर आठ माणसं जेवली. टेबल जरा डुलतं, म्हणून कढी वाट्यांत अर्धीच वाढली. देवांगच्या ऑफिसातल्या एकाने विचारलं, सध्या काय करतेस. पाच महिने या प्रश्नाला मी "ब्रेकवर आहे" म्हणत होते. या वेळी म्हटलं, "नोकरी गेली. तुम्ही जेवताय ते टेबल केलं." तेवढ्यात देवांग म्हणाला, "एकटीने केलं. मला हात लावू दिला नाही." इतक्या महिन्यांत चारचौघांत माझ्याबद्दल तो पहिल्यांदा बोलला. मला पापड आणायच्या निमित्ताने आत जावं लागलं.

तेव्हा टेबल राहील. आता त्याच्याजोगा बाक करणार आहे. परवानगी मागत नाही, कळवते आहे.

तुझी,
स्वानंदी

ता. क. डुलणारा पाय कसा थांबवायचा, ते काकांना विचार. माझ्यासाठी विचारतेस असं सांगू नकोस.

आणखी एक ता. क. नोकरी गेल्याचं आईला मी अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं, रजा घेऊन टेबल केलं. तीनदा फोन लावला आणि हवापाण्याचं बोलून ठेवला. तू सांगशील का? माझ्यावर मागाहून हवं तेवढं रागाव. तिच्यासमोर मात्र माझी बाजू घे.