अर्जासाठी काढलेला फोटो

धावडा, रविवार

तीर्थरूप आईस गंधालीचा नमस्कार.

मी बरी आहे. ज्यांच्याकडे राहते त्या पुष्पाबाई दोन्ही वेळा गरम भाकरी वाढतात. तुझा गुडघा कसा आहे?

परदेशातल्या मेडिकलच्या अर्जाला वजन यावं म्हणून बाबांच्या सल्लागारांनी मला इथे मुलांची शिकवणी घ्यायला पाठवलं. काल ते स्वतः फोटो काढायला आले. पुष्पाबाईंची मीना पुढेच बसली होती. तिला म्हणाले, "बाळ, चपला काढ आणि केस जरा विस्कट."

"कामून? नव्या हायेत चपला," मीना म्हणाली.

ते माझ्या कानाशी म्हणाले, "गरिबी दिसायला हवी. निवड करणाऱ्यांना तेच आवडतं."

मीनाने माझ्याकडे पाहिलं. मी नजर वहीकडे वळवली. तिने चपला काढल्या, आणि फोटोत मी चक्क हसले. आई, त्या माणसाची किळस येतेच, पण माझी जास्त येते.

तो फोटो अर्जाला लावला तर मी मुलाखतीला जाणार नाही, हे बाबांना सांग. मुलांचे अपूर्णांक अर्धेच झालेत, ते पुरे करूनच परत येईन. त्याचं प्रमाणपत्र मला नको.

आज सकाळी मीनाची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या ताई. मंग, लागला का तुमचा नंबर?"

मला तिच्याकडे बघवेना.

बाबांची समजूत तूच काढ.

तुझी,
गंधाली