काकांसाठी एक बिघडलेला ठेका

दि. ५ फेब्रुवारी

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

मी फोन उचलत नाही म्हणून तू रुसली आहेस, असं तुझ्या आईनं कळवलं. खुशाल रुस. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर जगाचे फोन जोडून दिले, निम्म्या गावाची भांडणं कानांवर घेतली. आता कानाला रिसीव्हर लावणार नाही, हे मी निवृत्तीच्या दिवशीच जाहीर केलं होतं. पत्र लिही. पत्रात माणूस निदान वाक्य तरी पुरं करतो.

तुझ्या काकांचं तसंच चालू आहे. पार्किन्सन्समुळं हात थरथरतात, त्याचं एवढं नाही; घड्याळदुरुस्तीचं दुकान तर कधीच बंद केलंय. पण पाय! पलंगावरून उठतात, उभे राहतात आणि तिथंच खिळतात, तळव्यांना कुणी सरस लावल्यासारखे. डॉक्टरांनी स्वच्छ सांगून टाकलं. एप्रिलच्या तपासणीत हे आपले आपण न्हाणीघरापर्यंत चालत गेले नाहीत, तर त्यांना शुश्रूषागृहात ठेवावं लागेल. माझ्या कमरेत त्यांना उचलायचं बळ नाही म्हणे. मी डॉक्टरांना म्हटलं, माझ्या कमरेबद्दल मी तुम्हाला विचारलं नव्हतं. पण खारू, ते काही खोटं बोलत नव्हते.

व्यायाम करून घ्यायला घरी एक फिजिओथेरपिस्ट येते. मी तिला कवायतबाई म्हणते. तिनं टिक टिक करणारी एक डबी आणली. तिच्या ठोक्यावर पाऊल टाकायचं, पुष्कळांना गुण येतो म्हणे. तुझे काका पहिल्याच ठोक्याला जे थबकले ते थबकलेच. मान तिरकी, डोळे मिटलेले. बाईंनी आपल्या कागदावर लिहिलं, प्रतिसाद नाही.

तू म्हणे कॉम्प्युटरवर चार ओळी लिहितेस आणि त्यातून आपोआप सूर-ताल निघतात. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये पियानो शिकवताना सिस्टर मनगटावर नाणं ठेवायच्या. नाणं पडलं की पट्टी बसायची. मार न खाता निघणाऱ्या संगीताबद्दल माझं मत तुला ठाऊक आहे. तरी अडला हरी म्हणून विचारते, माणसाला चालायला लावील असं काही तुझ्या त्या यंत्रातून निघतं का?

यंत्रावर नसला तरी तुझ्यावर लोभ आहे, तो तसाच राहील.

तुझी
मावशी


दि. १२ फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न. वि. वि.

रुसवा गेला. तुझं पत्र वाचून इतकी हसले की आमच्या स्टुडिओचे साहेब बघायला आले. त्यांची नजर तुझ्या सिस्टरच्या पट्टीच्या तोडीची आहे, तेव्हा मी मार खात नाही असं समजू नकोस.

आपोआप काही निघत नाही, मावशी. संगीत करायच्या सॉफ्टवेअरमध्ये एरवी एकेक सूर माउसनं जागेवर मांडतात. मी त्याऐवजी नियम लिहिते. एवढे एवढे सूर वापरायचे, ठोका इतक्या अंतरानं पाडायचा, अधूनमधून एखादा सूर गाळायचा, कोणता तो प्रोग्रॅमनंच ठरवायचा. मग प्रोग्रॅम ते नियम पाळून सूर टाकत जातो. तू सुपरवायझर झाल्यावर एक्स्चेंजमधल्या मुलींना शिस्त लावलीस आणि फोन त्या जोडायच्या, तसंच हे.

माझा जुना लॅपटॉप पार्सलनं पाठवते आहे. त्यात चालण्यासाठी दोन ठेके केलेत, एक अगदी साधा आणि एक जरा नटवलेला. हिरव्या बटणानं सुरू, लालनं बंद. पुढचे इंटरनेटवरून धाडीन, तू फक्त उघडायचे.

एक विचारू? टिकटिक ऐकून काका मान तिरकी करून डोळे मिटतात म्हणालीस. दुकानातही ते असेच उभे राहायचे का? लहानपणी मी बडबडत आत शिरले की ते ओठावर बोट ठेवायचे, एवढं मला आठवतं.

काकांना नमस्कार. रागावलीस तरी चालेल, पण लिहीत राहा.

तुझी
खारू


दि. २१ फेब्रुवारी

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

पार्सल पोचलं. तू त्याला एवढ्या चिंध्या गुंडाळल्या होत्यास की उघडताना मला वाटलं आत बाळ आहे.

तुझा साधा ठेका लावला. तुझे काका खुर्चीत बसले, हात पोटावर ठेवले आणि समाधानानं ऐकत राहिले. चाला म्हटलं तर माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच कवायतबाई.

मग नटवलेला लावला. सुरुवात ठीक होती, पण पुढं तो लंगडायला लागला. ठोका पडेल म्हणून वाट बघावी तर पडायचाच नाही. मला इतका संताप आला की विचारू नकोस. एवढं शिकलीस आणि साधा ठोका सरळ पाडता येऊ नये? तुला काय काय लिहायचं ते मनात जुळवत होते, तेवढ्यात दिसलं की तुझे काका खुर्चीवरून उठून टेबलापाशी पोचलेत. कान लॅपटॉपला लावलेला आणि एक हात सदऱ्याच्या खिशात भिंग शोधतोय. पावलं अडखळली, पण थांबली नाहीत.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घड्याळ नीट चाललं की त्याला हात लावायचा नाही, ऐकत राहायचं. बिघडलं की उठून त्याच्यापाशी जायचं. या माणसानं जन्मभर दुसरं काही केलेलं नाही. आणि आपण त्याला बिनचूक टिकटिक ऐकवून चाल म्हणतोय. तुझा प्रश्न बरोबर होता. तुला कान आहेत हे मी एकदाच लिहिते, जपून ठेव.

आता वाईट बातमी. दुसऱ्या दिवशी तोच ठेका लावला तर ते पुन्हा गेले. नंतर मात्र उठेनात. कुठं काय चुकतं ते पाठ झालं. निदान झालेल्या रोग्यापाशी वैद्य कशाला बसेल?

काहीतरी कर. माया आहेच, ती उपदेशाखाली झाकली जाते एवढंच.

तुझी
मावशी


दि. २६ फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न. वि. वि.

ती चूक माझीच. सूर गाळायचा नियम फक्त वरच्या सुरांसाठी होता, तो माझ्या हातून ठोका देणाऱ्या खालच्या ढोलालाही लागला. साहेबांच्या हाती सापडले असते तर माझी धडगत नव्हती. काका उठून टेबलापाशी गेले, तो परिच्छेद मात्र मी पुन्हा पुन्हा वाचला.

पाठ होण्याची काळजी करू नकोस. रेकॉर्ड केलेलं संगीत पाठ होतं. नियमांतून निघणारं दर वेळी नवं करता येतं. बिघाड रोज वेगळ्या जागी काढायचा, एवढंच. अडचण दुसरीच आहे. मी नुसते फासे टाकून चुका केल्या, तर काका लगेच ओळखतील की हा घड्याळाचा रोग नव्हे, पोरखेळ आहे. मला खरे रोग हवेत. आजारी घड्याळ ऐकायला कसं वाटतं, ते त्यांना विचारशील? हळूहळू सांगू देत, घाई करू नकोस. म्हणजे तू करू नकोस, असं म्हणायचंय.

माझ्याबद्दलची ती एक ओळ जपून ठेवली आहे. आणखी एखादी आली तर नाही म्हणणार नाही.

तुझी
खारू


दि. ८ मार्च

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

विचारलं. शब्द तोंडातून बाहेर यायला हल्ली फार वेळ लागतो, पण रोज दुपारी चहानंतर थोडंथोडं सांगत गेले आणि मी गप्प बसले. हो, मी.

तेल सुकलं की घड्याळ ओढत चालतं, दर ठोका मागच्यापेक्षा जरा उशिरा. आतली केसासारखी स्प्रिंग कुठं चिकटली की ते पिसाळल्यासारखं धावतं. आणि हातातून पडलेलं घड्याळ लंगडतं, टिक लांब आणि टॉक आखूड. हे सांगताना त्यांनी बोटानं टेबलावर तिन्ही रोग वाजवून दाखवले. एरवी थरथरणारं बोट तेवढा वेळ थरथरलं नाही. इतकी वर्षं या माणसाबरोबर संसार केला, पण त्याच्या कानात एवढं काही साठलंय याची मला गंधवार्ता नव्हती. तू विचारलंस म्हणून कळलं.

कवायतबाईंनी मात्र विघ्न काढलं. म्हणाल्या, लंगड्या ठोक्यावर पाय टाकला तर तोल जाऊन पडतील. मला ती बाई बरोबर असली की जास्त राग येतो, आणि या वेळी ती बरोबर आहे.

शिवाय खोलीत चालणं जमलं तरी दाराच्या उंबऱ्याशी पाय चिकटतात. न्हाणीघर उंबऱ्यापलीकडे आहे. तपासणी जवळ आली, खारू.

आशीर्वाद आहेतच. डोळ्यांना जप.

तुझी
मावशी


दि. १९ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

कवायतबाईंना माझा नमस्कार सांग, त्यांच्यामुळं वाट सापडली. आता खालचा ढोल अगदी सरळ पडतो, तो पायांसाठी. रोग फक्त वरच्या बारीक, धातूच्या सुरांना होतात, ते कानांसाठी. एक रोग होतो, वाढतो, हळूहळू बरा होतो, मग दुसरीकडे दुसरा. सोबत पाठवलेला छोटा स्पीकर न्हाणीघराच्या दारापाशी ठेव, म्हणजे आवाज उंबऱ्यापलीकडून येईल.

रोज वेगळं वाजवणारा प्रोग्रॅम आहेच. पण त्यातला एक चांगला नमुना रेकॉर्डही करून ठेवलाय. तपासणीला तो लाव, मावशी. प्रोग्रॅम त्या क्षणी काय वाजवील, ते मलाही सांगता येत नाही. काकांचं घर सुटायची वेळ आली आणि माझ्या नियमांनी दगा दिला, तर मी कुणाला तोंड दाखवणार?

मला तुझ्या रागाची सवय आहे, पण माया कमी झालेली सोसणार नाही.

तुझी
खारू


दि. ९ एप्रिल

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

काल डॉक्टर आणि कवायतबाई दोघंही घरी आले. मी तुझं रेकॉर्डिंग लावलं नाही. तू पाठवल्यावर आम्ही ते दोनदा ऐकलं होतं, आणि तुझ्या काकांचा कान मी आता ओळखते. प्रोग्रॅमच सुरू केला.

उठले. ढोलावर एकेक पाऊल टाकत खोली ओलांडली. पण उंबऱ्याशी आले आणि नेमका त्याच वेळी तुझ्या ठेक्यातला रोग बरा झाला. वरचे सगळे सूर सुतासारखे सरळ. तुझे काका दारात उभे, मान तिरकी, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर परम समाधान. डॉक्टरांनी कवायतबाईंकडे पाहिलं. मी मनातल्या मनात तुला कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत जे काही म्हटलं, ते सिस्टरनीही कधी ऐकलं नसेल. तुझ्या काकांचा हात धरून ओढावं असं वाटत होतं. धरला असता तर सगळंच संपलं असतं, म्हणून पदर मुठीत धरून उभी राहिले.

मग तिकडे न्हाणीघराशी एक सूर घाईनं आला, त्यानं पुढच्याला जागाच ठेवली नाही, आणि त्याच्यामागचा फरफटत आला. असा बिघाड मी तोवर ऐकलेला नव्हता. दोन रोग एकात एक शिरले होते. तू तसं लिहिलं होतंस की ते त्या क्षणी आपलं आपण घडलं, मला माहीत नाही. तुझ्या काकांनी डोळे उघडले, कपाळाला आठी घातली आणि उंबऱ्यावरून पाय टाकला. आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. थेट न्हाणीघराच्या दारापाशी जाऊन स्पीकर उचलला आणि कानाला लावला.

ते घरीच राहणार आहेत. डॉक्टर म्हणाले, पुढचं पुढं बघू. मला तेवढं पुष्कळ आहे. कवायतबाई हा ठेका आपल्या दुसऱ्या रोग्यांसाठी मागत होत्या. मी म्हटलं, बाई, ते घड्याळजी आहेत का? प्रत्येकानं जन्मभर काय ऐकलं ते आधी विचारून या, मग आमच्या पोरीला पत्र लिहा. तिला कान देऊन ऐकता येतं, नियम काय, ते ती मागाहून लिहिते. रागावू नकोस, तुझा पत्ता मी देऊन टाकला.

आज दुपारी चहा झाल्यावर तुझ्या काकांनी मला खूण करून जवळ बोलावलं. शब्द यायला वेळ लागला, मी थांबले. म्हणाले, "पोरीला सांग, बिघाड फार सफाईनं करते."

त्यांनी माझ्या कुठल्याच कामाला असं कधी म्हटलेलं नाही. मला तुझा हेवा वाटतो आणि तो मी लपवणार नाही.

या दोन म्हाताऱ्यांवर जीव असू दे.

तुझी
मावशी