खाटेखालची टोपली

पुणे, ता. १२ जून १९५८

चि. सौ. शोभा हीस पितांबरचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या यजमानांचं, लोटनरावांचं कार्ड मिळालं. माझी टोपली रिकामी, बटाटे घरात भाजी करून खाल्ले म्हणे! अगं, पाच वर्षं फुलाला फूल लावून, बी पेरून, हजारांतून निवडत मी तो वाण काढला. आपल्या खान्देशच्या उन्हाळ्यात बटाटा सडतो, दर साल बेणं बाहेरून आणावं लागतं. हा तरी टिकतो का ते बघायला तुझ्या खाटेखाली वाळूत ठेवला. इथल्या सरकारी मळ्यातला करपा रोगाने गेला. उरला होता तो तुझ्याकडेच.

आणि तुझ्या सासरच्यांनी तो रश्श्यात घातला! एवढी हावरट माणसं मी पाहिली नाहीत. सासूबाईंना घरात दुसरं काही मिळालं नाही? मळ्याच्या साहेबांना आता काय तोंड दाखवू? तू तरी कुठे झोपली होतीस?

उत्तर लगेच धाड. आशीर्वाद लिहिले आहेत, पण आज मनातून निघत नाहीत.

पितांबर

रनाळे, ता. १९ जून १९५८

ती. पितांबरभाऊस शोभाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

नमस्कार रीत म्हणून केला. असलं उघड्या कार्डावर लिहितात होय रे? पोस्टमनने ते ओसरीवर मोठ्याने वाचलं. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. मला इथे जन्म काढायचाय, तुला नाही.

आता ऐक. आखाजीच्या सणाला तू मुराळी होऊन मला न्यायला आलास. टोपली बघतो म्हणालास, तर सासूबाई म्हणाल्या, आधी जेवा. घरात डाळीशिवाय काही नव्हतं. सुनेच्या भावाला नुसत्या डाळीवर कसं उठवायचं, म्हणून त्यांनी खाटेखाली हात घातला. मी आत पेटी भरत होते. तू भाजी तीनदा मागून घेतलीस, मोटार आली तसा टोपली विसरून उठलास. मला माहेराहून परतल्यावर कळलं. तुझा जीव तळमळेल म्हणून गप्प बसले. तूच खाई गया, अन् आते मालेच बोल लावस? हावरट कोण, सांग ना!

उंदीर लागले म्हणून त्यातले थोडे मी आधीच कणगीमागे हलवले होते. काल पाहिले. घट्ट आहेत, डोळे फुटताहेत. पण पाठवणार नाही. ते इथेच लागतील. भाऊबीजेला ये, आधी सासूबाईंच्या पाया पड, मगच वाफ्यात हात घाल.

तोवर साहेबांना कळव, वाण उन्हाळ्यात टिकला, चांगला शिजला, आणि काढणाऱ्यानेच तीनदा मागून खाल्ला.

राग निवला की लोभ आहेच, तो तूही ठेव.

शोभा