यमुनेचं डोलणं

नागपूर, महाल. पौष, गुरुवार, संध्याकाळ

यमुनेच्या मनगटावरचे ते दातांचे व्रण काही केल्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

उद्या इन्स्पेक्टरसाहेब येणार. पाढे म्हणताना मुली डोलतात ते त्यांना खपत नाही, म्हणून आज मी सगळ्या वर्गाला ताठ बसवलं. बाकीच्या बसल्या. यमुनेला जमेना. मी तिचे खांदे दाबून धरले, तशी तिने स्वतःचंच मनगट कडकडून चावलं.

मोठ्या बाई म्हणाल्या, "वेडसर आहे ती. नाव काढून टाका."

तिची आई धावत आली. "बाई, तिले घरी नका पाठवू. डोलू दिलं का शांत राह्यते ते."

वेडसर? पावकी-निमकी तर घडाघडा म्हणते! लेखनाला, शिवणाला तिचं डोलणं मला खुपतं, पाढ्यांच्या वेळी मात्र कधीच नाही. का? तेव्हा सगळ्याच डोलतात. आणि आज मी नेमकं तेच बंद केलं. ते व्रण...

उद्या साहेबांपुढे साऱ्या वर्गाला डोलतच पाढे म्हणायला लावू का? शेरा वाईट पडेल. पडो. एवढ्या डोलणाऱ्या मुलींतली वेडसर कोणती, ते मोठ्या बाईंनी दाखवावं.