माणूस, दिवसातून दोनदा

२ ऑगस्ट १९९९, सोमवार
आणि गावी गिरणीवर जायचं म्हणाल तर अजूनही नाहीच. गिरणी मामाची, पीठ गावाचं, शिंका माझ्या. आबांनी पत्र तलाठ्याकडून लिहून घेतलंय, पण आवाज बापाचाच. निवृत्ती, तीन वर्षं नाशिकला दवाखान्यात नंबर पुकारतोस, हाई काय काम शे का? दिवाळीपर्यंत काहीतरी पोस्ट दाखव, नाहीतर नामपूरला येऊन गिरणीचा पट्टा चढव.
उत्तर पाठवणार नाही. पोस्टच दाखवणार. कोणती, ते ठरायचंय.

४ ऑगस्ट
ठरलं. आमच्या डॉक्टर लतिका मॅडम दुपारी मासिक वाचत होत्या. म्हणाल्या, विलायतेत काही डॉक्टर आता एकट्या पडलेल्यांना गोळ्यांऐवजी बागकाम, गाणं, मंडळ असं लिहून देतात. आपल्याकडेही माणसं लिहून देणारा माणूस पाहिजे. एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग चहा सांगितला. पण आधी बघितलं.
शिक्षण सातवी. पण पंचवटीत मला ओळखत नाही असा माणूस दाखवा.

५ ऑगस्ट, सकाळी ९.१०
संकल्प. रोज सहाला उठणे, उद्यापासून. इंग्रजीचे दहा शब्द. पेशंटला 'काय होतंय' न विचारता 'घरी कोण आहे' विचारणे.

९ ऑगस्ट
पहिली केस. मखमलाबादच्या मैनाबाई, झेंडू विकतात. गुडघे धरलेत. चिठ्ठी दिली: पहाटे मोकळ्या हवेत चालणे, सोबत चार बायका. म्हणाल्या, अरे मुडद्या, पहाटे चारला पाटी डोक्यावर घेऊन चार बायांसंगं मी बाजारात चालतच येते, त्यानंच तर गुडघे गेले.
म्हणजे इलाज बरोबर. डोस आधीच जास्त झालेला.

११ ऑगस्ट
ग्रहण. दिवसभरात पेशंट एकच, दिवाकर गर्गे काका. पाटबंधारे खात्यातून रिटायर. बायको वारली, मुलगा-सून नोकरीला. आठवड्यातून तीनदा बीपी मोजायला येतात. मॅडम म्हणतात बीपी निम्मं रिकाम्या घराचं आहे. ग्रहणात बाहेर कसे, विचारलं. म्हणाले, घरात तरी कोण आहे मला अडवायला.
केस माझीच.

१२ ऑगस्ट
काकांना चिठ्ठी: रामकुंड. दिवसातून दोनदा. मला म्हणायचं होतं, तिथे बसा, माणसं बघा.

२१ ऑगस्ट
काका थेट लोकांच्या दहाव्यालाच उभे राहिले. सुरतेहून आलेले दोन भाऊ, पिंड ठेवलेला, कावळा शिवेना. दीड तास झाला. थोरला सारखा घड्याळ बघतोय. काकांनी मागून विचारलं, वडिलांचा जीव कशात अडकला होता? धाकटा म्हणाला, माझ्या लग्नात. थोरला म्हणाला, बरं बाबा, मी करून देतो. कावळा आला.
आता गुरुजीच हाक मारतात, गर्गे, जरा इकडे या.

६ सप्टेंबर
काकांचं बीपी नॉर्मल. गोळी अर्ध्यावर आली. मॅडमनी विचारलं, रामकुंडाचं कोणी सुचवलं? मी म्हणालो, मी. त्या काही बोलल्या नाहीत. मोठी माणसं लगेच बोलत नाहीत.

१५ सप्टेंबर
काकांचा मुलगा आल्हाद आणि सून वल्लरीताई दवाखान्यात. आल्हाद म्हणाला, माझा बाप ठणठणीत आहे आणि तू त्याला रोज दहाव्याला पाठवतोस? ताई म्हणाल्या, घरात गणपती बसलेत आणि शेजारीण विचारते, तुमच्याकडची माणसं संपत कशी नाहीत. मी शांतपणे विचारलं, पूर्वी काका बीपीसाठी तुम्हाला रात्री किती वेळा उठवायचे? आल्हाद म्हणाला, तो प्रश्न नाही.
मॅडमनी मला नंबर पुकारायला बाहेर पाठवलं. आत लय वेळ बोलणं चाललं. पोस्टचंच असणार.

२० ऑक्टोबर
दवाखान्यात नवीन टेबल. खुर्ची हाताची. कोणी नसताना बसून बघितलं. टेबलाचा एक पाय डुगडुगत होता, खाली पुठ्ठा घातला. आपल्या वस्तूची काळजी आपणच घ्यायची.

२३ ऑक्टोबर
मॅडमनी पेंटरकडे द्यायला चिठ्ठी दिली, टेबलावरच्या पाटीचा मजकूर. डॉक्टरी अक्षर, केमिस्टशिवाय कोणाला लागणार नाही. पण एक शब्द स्पष्ट लागला: निवृत्त. घाईत दुसरी वेलांटी राहिली होती. मोठ्या माणसाची चूक तोंडावर दाखवू नये. वाटेत मीच देऊन टाकली.

३० ऑक्टोबर
पाटी आली. 'सोबत-सल्ला. श्री. दिवाकर गर्गे, निवृत्ती उपअभियंता. वेळ १० ते १.'
मॅडम पेंटरवर चिडल्या. पेंटर म्हणाला, चिठ्ठीत आहे तेच काढलंय, पुन्हा रंगवायचं तर पैसे पडतील. मॅडम म्हणाल्या, राहू दे. मी कशाला मध्ये बोलू.
काका पगार घेणार नाहीत. म्हणून बसवलंय, दुसरं काही नाही. पहिली चिठ्ठी मलाच लिहिली: गावी जाणे, चार दिवस, वडिलांसमोर बसणे. मी म्हणालो, दिवाळीत दवाखाना माझ्यावर आहे. म्हणाले, दिवाळीत दवाखाना बंद आहे, निवृत्ती.
पहिल्या दिवशी कोणाचाही सल्ला चुकतो.

२ नोव्हेंबर, पोस्टात
नंबर अजून मीच पुकारतो. पण आता दोन टेबलांचे.
गावी जाणं जमणार नाही. गेलो तर आबा समोर बसवून विचारतील, आणि समोर बसलं की आबांना सगळं दिसतं. मनिऑर्डरच्या कुपनावर लिहिलं: दवाखान्यात पाटीवर नाव लागलं, कामातून सुटका नाही. यात खोटं काय आहे ते कोणीही येऊन वाचावं.
पगार आठशे. बढती दिसली पाहिजे, म्हणून सगळाच पाठवतो. जेवणाचं बघू. कमिशन अडतीस, आबांना सातशे साठ, खिशात दोन.