धाकट्याच्या गाडीवरचा बोजा

३ जून

गाडी विकता येत नाही! शेवटचा हप्ता धाकट्या भावाने दवाखान्यात जाण्याआधी स्वतः भरला, पावती माझ्या हातात आहे — तरी गाडीच्या नोंदणी पुस्तकावर फायनान्स कंपनीचा बोजा तसाच. कर्ज फिटल्याचं पत्र कंपनीने दिल्याशिवाय गिऱ्हाईक हात लावणार नाही. मृत्युपत्रात सगळी व्यवस्था माझ्या गळ्यात टाकलीय. मरतानाही कामं सांगून गेला.

भावजयीला या गाडीशिवाय मागे काही नाही. घरमालकाने महिनाअखेर खोल्या रिकाम्या करायला सांगितल्यात. गाडी विकली तरच दुसरीकडे अनामत भरेल. "वन्सं, कर्ज फिटलंय असं हे म्हणाले होते." हे म्हणाले होते! ह्यांच्या म्हणण्यावर बोजे उतरले असते तर वकील उपाशी मेले असते.

५ जून

कंपनीत गेले. काउंटरवरची मुलगी एका हाताने टाइप करते, दुसऱ्याने केस सावरते. "आंटी, लोन क्लोज दिसतंय." मग पत्र दे. "ते निघत नाही, सिस्टीम घेत नाही." म्हटलं, मग सिस्टीमलाच बोलव बाहेर, तिच्याशी बोलते. रांगेतला म्हातारा फिदीफिदी हसला. तिला काही कळलं नाही. दगड!

६ जून

भावजय पुन्हा रडली. रडायला येतं, अर्ज लिहायला येत नाही.

११ जून

माझी खात्री आहे — हिच्या भावानेच धाकट्याला कुठेतरी सही करायला लावली असणार. नाहीतर कंपनी अडेल कशाला? आज तोंडावर विचारलं.

"वन्सं, माझा भाऊ पाच वर्षांत आमच्या दारात आला नाही."

"चोर दारातून येत नाहीत," मी म्हटलं.

चहा न घेताच उठली. बरं झालं, साखर वाचली.

१४ जून

शेवटी मॅनेजरलाच गाठलं. टक्कल, घाम, पण शब्द स्पष्ट. "कर्ज पूर्ण फिटलंय, मॅडम. पण तुमचे भाऊ आमच्याकडच्या दुसऱ्या कर्जाला जामीन आहेत. टेम्पोच्या. ते थकलंय. ते मिटल्याशिवाय त्यांची गाडी आम्ही सोडत नाही."

मी हसले. "टेम्पो त्याच्या मेव्हण्याचा असणार."

"नाही मॅडम. भाच्याचा."

भाचा एकच आहे. माझ्या पोटचा.

पुढचं कानावर पडत होतं तेवढंच. टेम्पो सापडला तर विकून वसुली होईल, गाडी लगेच मोकळी. पण कर्जदार जागा बदलून बसलाय. "तुम्हाला पत्ता माहीत आहे?"

"नाही," म्हटलं. मिशनच्या शाळेत खोटं बोललं की सिस्टर पट्टी उभी धरून बोटांवर मारायच्या. सगळं वाया.

१५ जून

मुलाला फोन केला.

"मामाने स्वतःहून सही केली, आई. मी काय गळा धरला होता?"

हप्ते का नाही भरलेस?

"धंदा बसलाय."

अरे, मामी रस्त्यावर येईल!

"तिला भाऊ आहे की. आणि मामा गेला म्हणजे जामीन गेला. विषय संपला." मग लाडात — "तू कुठे बोलू नकोस हं. आई आहेस ना माझी?"

जिभेची धार माझी घेतली. बाकी काय घेतलं, देव जाणे. रात्री जेवले नाही.

१७ जून

भावजय आली. दारातच उभी, बसा म्हटल्याशिवाय बसत नाही. "काही कळलं का, वन्सं?" म्हटलं, चौकशी चालू आहे. "तुम्ही आहात म्हणून धीर आहे," म्हणाली. मूर्ख बाई! त्या दिवशी हिला मी चोराची बहीण म्हटलं.

१९ जून

कंपनीत जाऊन मुलाचा नवा पत्ता दिला. टेम्पो मागच्या गल्लीत, गिरणीच्या भिंतीला लावतो, तेही सांगितलं. मॅनेजर लिहून घेत होता. जरा हळू सांगा म्हणाला. हळू सांगितलं.