त्या आठवड्याचं पाणी

टाउन्सविल, रविवार

बाबा,

दुरून वाकून नमस्कार. मी बरी आहे. इथेही कसावा मिळतो, पण आपल्यासारखा मऊ शिजत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? इसोआदादा म्हणाला, होडी अजून उलटीच पडलीय.

आई गेली त्या आठवड्यातलं आपल्या खाडीचं पाणी दवाखान्याने गोठवून ठेवलं होतं. ते मी मागवून इथल्या प्रयोगशाळेत तपासलं. समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळाला फॉस्फेट कमी पडलं, की ते मिळवायला शेवाळ एक एन्झाइम बनवतं. त्या पाण्यात ते जवळजवळ नव्हतंच. म्हणजे खायला रगड होतं. नदीने उसाच्या रानातलं खत आणून ओतलं होतं. त्यावर विषारी शेवाळ पोसलं आणि विष आईने खाल्लेल्या तिसऱ्यांत, त्या शिंपल्यांत उतरलं. पाणी तर नितळ दिसत होतं. तुम्हाला कळणार कसं?

आईला पुरताना मी सगळ्यांसमोर ओरडले, "त्या तिसऱ्या तुम्हीच आणल्यात, तुम्हीच मारलंत तिला!" तुम्ही एवढंच म्हणालात, "हो गं पोरी."

दोन वर्षं तुम्ही ते खरं मानून बसलात, आणि मी बसू दिलं.

बाबा, ते खरं नव्हतं. हे पत्र दादाला चर्चमध्ये सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला सांगा.

तुमचीच,
वासेमाथा